तुरुंगाच्या दाराशी उभी राहिलेली संस्था : पेनसिल्व्हेनिया प्रिझन सोसायटीची वाटचाल

१७८७ सालचा मे महिना फिलाडेल्फियाच्या इतिहासात राज्यघटनेचा महिना म्हणून ओळखला जातो. २५ तारखेला स्टेट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये, घटना परिषदेचे कामकाज सुरू झाले. त्याच्या सतराच दिवस आधी, ८ मे रोजी, याच शहरात चेरी स्ट्रीटवरच्या जर्मन शाळेत आणखी एक सभा भरली होती. जमलेल्यांत धर्मोपदेशक होते, डॉक्टर होते, व्यापारी होते. कोणी क्वेकर, कोणी ल्यूथरन, कोणी एपिस्कोपल. त्यांनी जी संस्था काढली तिचे नाव चांगलेच लांब होते : फिलाडेल्फिया सोसायटी फॉर अ‍ॅलिव्हिएटिंग द मिझरीज ऑफ पब्लिक प्रिझन्स. तुरुंगांतल्या माणसांचे हाल कमी करायचे, एवढेच तिचे काम. शंभरी भरत आली तेव्हा नाव बदलून 'पेनसिल्व्हेनिया प्रिझन सोसायटी' असे सुटसुटीत झाले. ही संस्था आजही चालू आहे.

या शहरात राहणाऱ्या मराठी माणसांच्या स्मरणिकेत तिचा इतिहास यावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते. पाहुणे आले की आपण त्यांना लिबर्टी बेल दाखवायला नेतो. इंडिपेंडन्स हॉलच्या मागच्या चौकातून बाहेर पडले की वॉलनट स्ट्रीट लागतो. तिथेच, सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, वॉलनट स्ट्रीट जेल होते. घटना परिषदेचे सभासद त्या चौकात पाय मोकळे करायला बाहेर पडले की समोरच्या खिडक्यांतून लांब काठ्या बाहेर आलेल्या दिसत. काठीच्या टोकाला टोपी बांधलेली असे. कैदी ती रस्त्यावरच्या माणसापुढे धरून भीक मागत आणि काही न टाकता पुढे जाणाऱ्याला शिव्यांची लाखोली वाहत. त्या उन्हाळ्यात शहरात आलेल्या एका प्रवाशाने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. स्वातंत्र्याची कलमे जिथे लिहिली जात होती तिथून ही खिडकी हाकेच्या अंतरावर होती, ही गोष्ट आपण पाहुण्यांना सांगत नाही. सांगायला हवी.

संस्थेचे मूळ मात्र सभेच्याही आधीचे आहे. रिचर्ड विस्टर नावाचा एक क्वेकर व्यापारी या शहरात राहत असे. तुरुंगातली माणसे उपाशी असतात हे त्याच्या कानावर आले. त्याने आपल्या घरच्या स्वयंपाकघरात सूप करायला सुरुवात केली आणि ते तुरुंगात पोहोचते करून वाटायला लागला. पुढे आणखी लोक त्याला मिळाले. घराघरांतून उरलेसुरले आणि मुद्दाम शिजवलेले अन्न गोळा करणारी हातगाडी रस्त्यांवरून फिरू लागली. हे जेवण कैद्यांसाठी आहे, असे तिच्यावर लिहिलेले असे.

तुरुंगात टाकलेल्या माणसाला सरकारने पोटभर जेवायला घालायचे, ही कल्पनाच तेव्हा रुजलेली नव्हती. कर्ज फेडता आले नाही म्हणून आत आलेल्यांची संख्या मोठी. त्यांचे खाणेपिणे, पांघरूण, सरपण सगळे त्यांचे त्यांनी बघायचे. ज्याच्याकडे देणे फेडायला पैसा नाही त्याच्याकडे आत राहण्याच्या खर्चाला पैसा कुठून येणार? बाहेर बायको-मुले, कमावता माणूस आत. जेलरची मिळकत कैद्यांकडून घेतलेल्या फीवर चाले, त्यामुळे कोर्टाने निर्दोष सोडलेला माणूससुद्धा फी चुकती केल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे. नवा कैदी आला की जुने त्याच्याकडून दारूसाठी पैसे मागत. नसले तर त्याच्या अंगावरचे कपडे काढून घेत आणि विकत. म्हणजे कैद्याला मदत आणि त्याच्या कुटुंबाला मदत अशी दोन कामे मुळात नव्हतीच. चार आण्यांची फी भरून एक माणूस सोडवला की एक चूल पेटत होती.

हे काम क्वेकरांच्या हातून सुरू झाले यात नवल नाही. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन स्वतः इंग्लंडमध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये आणि न्यूगेटमध्ये राहून आला होता. या पंथाच्या पहिल्या पिढ्यांनी श्रद्धेपायी तुरुंग भोगलेला होता. घरातला कोणी आत जाऊन आला की तुरुंगाकडे बघण्याची नजर बदलते, हे आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी बेचाळीसमध्ये येरवडा किंवा नाशिकची जेल पाहिली त्यांना वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी १७७६ मध्ये विस्टरच्या या कामाला संस्थेचे रूप आले. पण लगेच स्वातंत्र्ययुद्धाचा वणवा पेटला. सप्टेंबर १७७७ मध्ये इंग्रज फौजेने शहर घेतले, तुरुंग ताब्यात घेतला आणि त्यात अमेरिकन युद्धकैदी कोंबले. एकोणीस महिन्यांत संस्था बंद पडली. विस्टर १७८१ मध्ये वारला. पुन्हा सभा भरली तेव्हा तो नव्हता.

ती सभा भरायला कारण झाला १७८६ चा एक कायदा. हेतूने तो सौम्य होता. दरोडा, घरफोडी अशा गुन्ह्यांची फाशी त्याने रद्द केली आणि तिच्या जागी सक्तमजुरी आणली. मजुरी मात्र भर रस्त्यात, चारचौघांच्या देखत करायची. डोकी भादरलेली, विचित्र रंगाचे कपडे, गळ्यात लोखंडी पट्टा, पायात साखळदंड. अशी माणसे हातगाड्या ढकलत रस्ते झाडू लागली. पोरे त्यांच्यामागे लागत, दारू पुरवणारे भेटत, मारामाऱ्या होत. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश यांनी ९ मार्च १७८७ रोजी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या घरी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की उघड्यावर दिलेल्या शिक्षेने माणसाची लाज मरते आणि लाज मेलेला माणूस सुधारत नाही. बघणाऱ्याचेही मन बोथट होते. दोन महिन्यांत चेरी स्ट्रीटवरची सभा झाली.

अध्यक्ष झाले बिशप विल्यम व्हाइट. त्यांनी हे पद १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकोणपन्नास वर्षे सांभाळले. एवढा काळ एकच माणूस अध्यक्ष राहिला की संस्था बहुधा त्या माणसाची होऊन बसते. इथे तसे झाले नाही, आणि त्याचे श्रेय मी नियमावलीतल्या एका कलमाला देतो. एका छोट्या समितीने दर आठवड्याला निदान एकदा तुरुंगात जायचे, कोण कशासाठी आत आहे ते विचारायचे, जेवण आणि अंथरूण-पांघरूण बघायचे आणि जे दिसले ते सभेपुढे ठेवायचे. संस्थेचे काम सभेत नव्हे, तुरुंगात होणार हे पहिल्याच दिवशी ठरून गेले.

आत शिरणे सोपे नव्हते. पहिल्याच वर्षी कैद्यांसमोर रविवारचे प्रवचन करायचे ठरले. जेलर जॉन रेनल्ड्स याला ते मुळीच पसंत नव्हते. कैदी दंगा करतील, पळून जातील, तुमचा जीव जाईल, असे तो सांगत राहिला. वरून हुकूम आल्यावर त्याचा नाइलाज झाला, पण त्याने आपली तयारी केली. बाप्टिस्ट पाद्री विल्यम रॉजर्स आले तेव्हा घड्याळ आणि मौल्यवान चिजा बाहेर ठेवून या, असे त्यांना बजावण्यात आले. आत अंगणात कैद्यांना रांगा करून उभे केलेले होते, त्यांच्यावर रोखलेली भरलेली तोफ होती आणि तोफेपाशी पेटती वात हातात धरून एक माणूस उभा होता. रॉजर्स यांनी प्रवचन केले. कैदी शांतपणे ऐकत उभे राहिले. तोफ डागावी लागली नाही, आणि कैद्यांना एकत्र येऊ दिले तर अनर्थ होईल या युक्तिवादाचे बळ त्या सकाळी संपले. संस्थेच्या जुन्या कागदपत्रांतला हा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तोफ लावणाऱ्याशी वाद घालत न बसता ही मंडळी तिच्यासमोरून आत गेली.

पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी विधिमंडळाकडे अर्जांवर अर्ज केले. रस्त्यावरची मजुरी थांबवा, पुरुष आणि बायकांना वेगळे ठेवा, आत दारू विकू देऊ नका, देणेकऱ्यांना चोरांबरोबर कोंडू नका. ५ एप्रिल १७९० च्या कायद्याने यातले बरेचसे मिळाले. हातगाड्या गेल्या. वॉलनट स्ट्रीट जेल देशभरच्या लोकांनी बघायला यावे असे झाले. बायकांच्या बाजूकडे मात्र नीट लक्ष जायला आणखी तीस वर्षे लागली. १८२३ मध्ये मेरी विस्टर यांच्या पुढाकाराने क्वेकर स्त्रिया तुरुंगातल्या स्त्रियांना भेटू लागल्या, त्यांना शिवण आणि लिहिणे-वाचणे शिकवू लागल्या. पुरुषांच्या समितीला जे दिसत नव्हते किंवा विचारता येत नव्हते ते यांना दिसले आणि विचारता आले.

आता या इतिहासातला अवघड भाग. तो टाळून स्मरणिकेत गौरवलेख लिहिता येतो, पण संस्थेवर माझा खरा जीव आहे म्हणूनच तो लिहितो.

कैद्यांची गर्दी एका खोलीत कोंबली की नवखा पोरगा सराईताचा चेला होऊन बाहेर पडतो, हे समितीने वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले होते. त्यावर त्यांना सुचलेला उपाय म्हणजे एकांत. १७८८ च्या अर्जातच ती कल्पना आहे. प्रत्येकाला वेगळी खोली, हाताला काम, जवळ बायबल. माणूस स्वतःशी बोलेल, पश्चात्ताप करील, सुधारेल. या कल्पनेचा संस्थेने चाळीस वर्षे पाठपुरावा केला आणि २५ ऑक्टोबर १८२९ रोजी फेअरमाउंट भागात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी उघडली. वास्तुकार होते जॉन हॅविलंड. मधल्या गोलापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या. प्रत्येक कोठडीला छतात उजेडाचा एक झरोका आणि मागे एकट्यापुरते बंदिस्त अंगण. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात नव्हती अशी नळाची आणि शौचालयाची सोय इथे होती. पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स नावाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय शेतकरी मुलगा. वीस डॉलरचे घड्याळ आणि काही सोन्याच्या वस्तू चोरल्याबद्दल दोन वर्षे.

कोठडीतून बाहेर काढताना कैद्याच्या तोंडावर टोपडे ओढत, म्हणजे त्याला कोणी दिसू नये आणि त्याला कोणी ओळखू नये. शेजारच्याशी बोलायचे नाही. घरच्यांची भेट नाही, पत्र नाही, वर्तमानपत्र नाही. आई मेली तरी शिक्षा संपल्यावर कळणार. कैद्यांना भेटायला निघालेल्या संस्थेने कैद्याला घरच्यांची भेटच बंद करणारा तुरुंग उभा करायला मदत केली. हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही. पण एकांतात माणूस सुधारतो, हे त्यांनी एका तत्त्वावरून ठरवले होते. तोपर्यंतच्या त्यांच्या सगळ्या चांगल्या कामाचा पाया दर आठवड्याला कैद्याला विचारून घेण्यात होता, आणि नेमका तोच इथे सुटला.

१८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स हा तुरुंग बघायला आले, कोठडीकोठडीतून फिरले, कैद्यांशी बोलले. शरीराच्या कोणत्याही छळापेक्षा मनाचा हा छळ भयंकर आहे, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या अमेरिकेवरच्या पुस्तकात काढला. संस्थेने १८४५ पासून आपले नियतकालिक सुरू केले आणि त्यातून या पद्धतीचे हिरिरीने समर्थन केले. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकांतवासाने माणसे वेडी होतात, हे आपल्या निकालात नोंदवले. पेनसिल्व्हेनियाने ही पद्धत अधिकृतपणे सोडली ती १९१३ मध्ये.

तोवर ती जगभर पसरली होती. मराठी माणसाच्या ओळखीची तिची एक शाखा अंदमानात आहे. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेले सेल्युलर जेलही मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारतींचे आणि प्रत्येक कैद्याला वेगळ्या कोठडीत ठेवणारे. सावरकर बंधू तिथे होते. वेगळ्या कोठडीचा विचार फिलाडेल्फियात दयेपोटी निघाला आणि पोर्ट ब्लेअरला पोहोचेपर्यंत त्यातली दया पार आटून गेली होती. ईस्टर्न स्टेट १९७१ मध्ये बंद झाले, १९९४ पासून ते संग्रहालय आहे. तिथे गेलात तर एका कोठडीत दार लोटून दोन मिनिटे उभे राहा.

याच भागाशी आपले आणखी एक नाते आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या ते या तुरुंगापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या. नंतर अमेरिकेवर रमाबाईंनी मराठीत जे पुस्तक लिहिले त्यात इथल्या धर्मपंथांवर आणि दानधर्मावर एक प्रकरणच आहे. सरकारची वाट न बघता चार माणसे एकत्र येऊन वर्गणी काढतात आणि संस्था चालवतात, याचे त्यांना किती अप्रूप होते ते त्यांच्या पुढच्या केडगावच्या कामावरून कळते.

एकांताच्या वादात संस्थेचे दुसरे काम झाकून गेले, पण ते थांबले नव्हते. १८२९ च्या कायद्याने तिच्या समितीच्या सभासदांना तुरुंगाचे अधिकृत भेटकर्ते केले होते. हा हक्क फार मोठा, कारण जेलरची मर्जी सांभाळावी लागत नाही. त्याच काळात गावातल्या मोयामेन्सिंग तुरुंगात वेगळीच परिस्थिती होती. किरकोळ तक्रारीवरून माणसे आत येत. शेजाऱ्याशी भांडण, दारू, दुकानदाराची चार पैशांची बाकी. आत पाठवणाऱ्या स्थानिक दंडाधिकाऱ्याला दर प्रकरणामागे फी मिळे, मग प्रकरणांना काय तोटा?

१८५४ मध्ये विल्यम मलन यांनी तिथे 'प्रिझन एजंट' म्हणून काम हाती घेतले. ते रोज नव्याने आलेल्यांना भेटत, आरोप काय आहे ते वाचत, मग बाहेर पडून फिर्यादीला गाठत. समजूत घालून तक्रार मागे घेता येईल तर घ्यायला लावत, नाही तर कोर्टात उभे राहून माणूस सोडवत. त्यात घरी तान्ही मुले ठेवून आत आलेल्या आया असत, आजारी असत, नुकतेच बोटीतून उतरलेले परदेशी असत. लॉरेल हिलच्या दफनभूमीत मलन यांचे स्मारक आहे. पुतळ्यात ते तुरुंगाच्या दाराशी उभे आहेत.

मलन यांचे काम आपल्याला परके वाटू नये. भारतातल्या तुरुंगांत २०२२ अखेर शंभरातले पंचाहत्तरहून जास्त बंदी न्यायाधीन होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्यांतले कित्येक जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून अशा माणसांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी झटतो आहे. घरी निरोप पोहोचवणे, वकील मिळवून देणे, आई आत असलेल्या मुलांची शाळा चालू ठेवणे, सुटून आलेल्याला उभे राहायला मदत करणे. ज्यांना गावाकडे देणगी पाठवायची असते त्यांनी हे नावही ध्यानात ठेवावे.

विसाव्या शतकात, एकांताची पद्धत गेल्यानंतर, प्रिझन सोसायटीचे लक्ष पुन्हा घराकडे वळले. कारण तुरुंग लांब गेले होते. फिलाडेल्फियाचा माणूस शिक्षा झाल्यावर राज्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. एरी सरोवराजवळचे अल्बियन इथून चारशे मैलांच्या पुढे आहे. गाडी नसलेल्या बाईने दोन मुलांना घेऊन तिथे जायचे कसे, राहायचे कुठे, कामावरची रजा कशी मिळवायची? एका भेटीला महिन्याचा पगार गेला तर दुसरी भेट होत नाही. संस्थेने कुटुंबांसाठी बसगाड्या चालवल्या. रात्री निघायचे, सकाळी तुरुंगाच्या दाराशी पोहोचायचे, भेट घ्यायची आणि परत फिरायचे. विस्टरच्या सुपाइतकीच ही साधी गोष्ट आहे आणि तितकीच नेमकी. पेनसिल्व्हेनियात जन्मठेपेच्या कैद्याला पॅरोल नाही, म्हणजे काही घरांत ही बस पंचवीस-तीस वर्षे धरावी लागते.

भेटीला वाट मिळाली तरी पत्राचे काय? २०१८ पासून राज्याच्या तुरुंगातल्या कैद्याला घरचे पत्र थेट पाठवता येत नाही. ते फ्लोरिडाला पाठवायचे, तिथे त्याची प्रत निघते आणि ती कैद्याच्या हातात पडते. टपालातून अमली पदार्थ येतात हे त्याचे कारण सांगितले गेले. पाच वर्षांच्या मुलीने बाबांसाठी खडूने काढलेले चित्र असेल तर बाबांना त्याची छापील प्रत मिळते; खडूचा थर बोटाला लागत नाही. ज्यांनी देशाबाहेर राहून आईच्या हस्तलिखित पत्राची वाट पाहिली आहे त्यांना यात काय हरवते ते लगेच कळेल. कैद्यांचे लिखाण छापणारे 'ग्रेटरफ्रेंड्स' हे वार्तापत्र संस्थेने गेली अनेक वर्षे चालवले. त्यातही घरच्यांचा विषय पुन्हा पुन्हा येतो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळ्या भेटी बंद झाल्या. घरच्यांना आतले काहीच कळेना. त्या दिवसांत संस्थेचा फोन सतत वाजत होता. माझा मुलगा आजारी आहे म्हणतात, खरे काय? नवऱ्याची मधुमेहाची औषधे चालू आहेत ना? तुरुंगाच्या कचेरीत घरच्यांना जे उत्तर मिळत नाही ते अधिकृत भेटकर्त्याला द्यावे लागते, याचा उपयोग तेव्हा झाला आणि एरवीही रोज होतो.

हे भेटकर्ते पगारी नसतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी, शिक्षा भोगून आलेल्यांचे नातेवाईक असे लोक संस्थेकडून प्रशिक्षण घेतात आणि आपल्या जवळच्या तुरुंगात ठरलेल्या वेळी जातात. कैद्याने किंवा घरच्यांनी कळवलेली तक्रार घेऊन ते त्याच्याशी एकांतात बोलू शकतात आणि मग अधिकाऱ्यांना भेटतात. प्रश्न बहुधा साधे असतात : चष्मा फुटला आहे, दात दुखतो आहे, बदली झाल्याचे घरी कळवलेले नाही. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, दंतवैद्य आहेत, वकील आहेत, निवृत्त होऊन हाताशी वेळ असलेली कितीतरी माणसे आहेत. इंग्रजी चांगले आहे, गाडी आहे. माँटगोमेरी काउंटीतला फीनिक्स हा राज्याचा मोठा तुरुंग आपल्यातल्या अनेकांच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. भेटकर्ता होण्याचा अर्ज संस्थेच्या कचेरीत मिळतो.